अमिगा १२०० ची रॅम आणि स्टोरेज वाढवायचंय? आधी क्रम नीट लावा

अमिगा १२०० हा कमोडोरचा जुना घरगुती कॉम्प्युटर हातात आला की पहिली हौस असते डिस्क म्हणून सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्ड टाकून त्यात शेकडो गेम्स भरायची. फ्लॉप्या बदलत बसायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो त्यामुळे ते समजण्यासारखं आहे, पण मला विचाराल तर आधी फास्ट रॅम (फक्त सीपीयूसाठीची वेगळी रॅम) लावा आणि मग कार्डाकडे वळा. कारण या मशीनमध्ये रॅम आणि डिस्क ही वेगळी प्रकरणं नाहीतच. अमिगा १२०० चा आयडीई पोर्ट (डिस्क जोडायची जागा) डीएमए, म्हणजे सीपीयूला न गुंतवता डेटा हलवायची पद्धत, वापरत नाही, डिस्कवरून येणारा सगळा डेटा सीपीयूला स्वतः उचलून रॅममध्ये नेऊन ठेवावा लागतो, आणि रॅमच संथ असेल तर कार्ड कितीही भारी घ्या, रखडणारच. वर फाइल सिस्टीमचे बफर, डब्ल्यूएचडीलोड या फ्लॉपीचे गेम्स डिस्कवरून चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरचे गेम्स, हे सगळं परत त्याच रॅममधून भागवायचं असतं.

मशीनमध्ये मुळात काय येतं ते एकदा बघून घेऊ. १९९२ च्या ऑक्टोबरात हा अमिगा आला, ६८ईसी०२० प्रोसेसर, पाल टीव्ही पद्धतीच्या मशीनमध्ये १४.१८ मेगाहर्ट्झ, २ एमबी चिप रॅम, एक ८८० केबीचा फ्लॉपी ड्राइव्ह, आत २.५ इंची डिस्कसाठी ४४ पिनांचा आयडीई कनेक्टर, डाव्या बाजूला पीसीएमसीआयए (जुन्या लॅपटॉपसारखी कार्डं घालायचा) स्लॉट आणि पोटाखाली ट्रॅपडोअर, म्हणजे वाढीव कार्डाचा कप्पा. ही २ एमबी चिप रॅम सीपीयूच्या एकट्याच्या मालकीची नाहीये, ग्राफिक्स आणि साउंडच्या कस्टम चिप्सही तिथूनच वाचतात आणि त्यांचं काम चालू असताना सीपीयू ताटकळत बसतो. फास्ट रॅम लावली की सीपीयूला स्वतःचं स्वतंत्र आवार मिळतं. नुसती साधी ४ किंवा ८ एमबीची फास्ट रॅम, प्रोसेसर तोच, क्लॉक तोच, तरी मशीन जवळजवळ दुप्पट वेगात पळायला लागतं. एवढ्या कमी खटाटोपात एवढा फरक या मशीनवर दुसऱ्या कशानेच पडत नाही. चिप रॅम मात्र २ एमबीच्या वर जात नाही, तो एजीए या १२०० च्या ग्राफिक्स चिपसेटच्याच मर्यादेचा प्रश्न आहे, तेव्हा तो नाद सोडा.

सगळ्यात आधी: कॅपॅसिटर आणि पॉवर सप्लाय

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो गाळतात, मग कार्ड लावल्यावर मशीन हँग व्हायला लागलं की कार्डाला शिव्या घालतात.

अमिगा १२०० च्या बोर्डावर सरफेस माउंटचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आहेत आणि ते या वयाला गळतात. बहुतेक गळतात असंच धरून चाला. मशीन उघडलं की कॅपॅसिटरच्या बुडाशी नीट बघा, सोल्डर चकचकीत असायला पाहिजे, तिथं ते मळकट राखाडी दिसत असेल, आजूबाजूच्या ट्रेसवर काळपट डाग असतील, किंवा सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर माशासारखा वास सुटला तर गळती झालेली आहे. आवाज एका बाजूने बारीक येणं हेही तेच लक्षण. हे सगळे कॅपॅसिटर बदलून घ्या, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, आणि सरफेस माउंटचं काम हाताला सवयीचं नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या, कारण पॅड उखडला की दहा मिनिटांच्या कामाची आठवडाभराची कटकट होते.

पॉवर सप्लायचं असं आहे की १२०० बरोबर येणारा हलका सप्लाय साधारण २३ वॉटचा होता, म्हणजे ५ व्होल्टवर ३ अँपिअर. अमिगा ५०० चा जुना जड सप्लाय ५ व्होल्टवर साडेचारच्या आसपास द्यायचा आणि प्लग तोच आहे, म्हणून पूर्वी बरेच जण तोच जोडायचे. आता या दोन्ही जुन्या सप्लायच्या आतले कॅपॅसिटरही म्हातारे झालेत, त्यामुळे आधुनिक स्विचिंग सप्लायवर बनवलेला नवा घेतलेला बरा. जो काही वापराल तो लोड असताना मोजा. मशीन चालू, फ्लॉपी फिरतेय, आणि मल्टिमीटर फ्लॉपीच्या चार पिनी पॉवर कनेक्टरवरच्या ५ व्होल्टला लावा. ४.९ ते ५.१ च्या मधे आलं तर उत्तम. ४.७५ च्या खाली गेलं तर पुढचं काहीही करू नका, आधी सप्लाय बदला.

मशीन उघडताना

वायर काढा, पीसीएमसीआयएमध्ये काही असेल तर तेही काढा, मशीन उलटं करून स्क्रू सोडवा, मग सरळ करून वरचं कव्हर उचला, पण झटक्यात नाही, एलईडीची वायर आतून जोडलेली असते. कीबोर्ड उचलला की खाली त्याची चपटी रिबन दिसेल, ती प्लास्टिकच्या पातळ फिल्मची आहे आणि सरळ खेचली की टोकाला चिरते. आधी कनेक्टरची कडा दोन्ही बाजूंनी थोडी वर उचला, मग रिबन आपसूक बाहेर येते. परत लावतानाही तसंच, रिबन तळापर्यंत सरळ बसली पाहिजे, नाहीतर चार-पाच कीज मेलेल्या निघतात आणि माणूस उगाच कीबोर्डच्या मागे लागतो.

धातूचं शील्ड असेल तर ते काढून ठेवायचं की परत लावायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी लावत नाही, आयडीई केबलला जागा पुरत नाही.

फास्ट रॅम: कुठलं कार्ड आणि पीसीएमसीआयएची भानगड

ट्रॅपडोअरमध्ये बसणारी कार्डं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक साधं रॅम कार्ड, ४ किंवा ८ एमबी, सोबत घड्याळ. दुसरं ॲक्सिलरेटर, म्हणजे ६८०३० किंवा त्याच्या वरचा प्रोसेसर आणि त्याची स्वतःची ३२, ६४, १२८ एमबी रॅम. जुन्यांपैकी ब्लिझार्ड १२३० मार्क ४ अजून लोक जपून वापरतात, त्यात ७२ पिनांची सिम रॅम लागते. नव्या बनावटीची ०३० कार्डंही मिळतात.

गेम्स आणि थोडंफार वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) एवढंच करायचं असेल तर ८ एमबीचं साधं कार्ड रग्गड झालं. १२८ एमबी ऐकायला झकास वाटतात पण त्या भरायला अमिगावर तेवढं कामही पाहिजे ना. थ्रीडी रेंडरिंग, एमपी३, असल्या गोष्टी करायच्या असतील तर मात्र ०३० किंवा त्याच्या वरच्या कार्डाकडे जा.

आता भानगड. ६८ईसी०२० ला २४ बिटचाच ॲड्रेस बस आहे, म्हणजे एकूण १६ एमबीचा नकाशा, आणि त्यात वाढीव रॅमसाठी राखलेली जागा ८ एमबीची. गंमत अशी की पीसीएमसीआयए स्लॉटची ४ एमबीची खिडकी याच ८ एमबीच्या वरच्या अर्ध्या भागात उघडते. म्हणजे ८ एमबीचं कार्ड पूर्ण चालू केलं की पीसीएमसीआयए बंद पडतो, त्यात टाकलेलं सीएफ ॲडाप्टर किंवा नेटवर्क कार्ड दिसतच नाही, किंवा मशीन बूटच होत नाही. म्हणूनच बऱ्याच कार्डांवर ४ आणि ८ एमबीचा जंपर दिलेला असतो. फाइल्स पीसीएमसीआयएवरून आणायचा विचार असेल तर ४ वर ठेवा. ०३० च्या ॲक्सिलरेटरना हा त्रास नाही कारण त्यांची रॅम १६ एमबीच्या पलीकडच्या पत्त्यांवर बसते. विकत घेण्याआधी हा मुद्दा तपासाच, कार्ड घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

कार्डवर घड्याळासाठी बॅटरी असेल तर तीही बघा. बटण सेलचा होल्डर असेल तर ठीक. सोल्डर केलेली निकेल कॅडमियमची डबी असेल तर ती कापून फेका, ती फुटून कार्डाचे ट्रेस खाते, आणि १२०० च्या मूळ बोर्डावर बॅटरीच नाही हे आपलं नशीब म्हणायचं.

बसवणं सोपं आहे पण जोर लागतो. ट्रॅपडोअरचं झाकण काढलं की आत मदरबोर्डाची कड दिसेल, १५० कॉन्टॅक्टची. आधी ती कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, तीस वर्षांची घाण असते त्यावर. कार्ड कडेच्या अगदी समांतर धरा आणि दोन्ही टोकांना आलटून पालटून थोडं थोडं दाबत सरकवा. एका हाताने मदरबोर्डाला पलीकडून आधार द्या, त्यासाठी वरचं कव्हर उघडं असलेलं बरं पडतं. कार्ड तिरकं घुसलं तर कनेक्टरच्या पिना वाकतात. आणि आत-बाहेर सारखं करू नका.

चालू करा. वर्कबेंच आला की वरच्या पांढऱ्या पट्टीत बघा, तिथं ग्राफिक्स मेम आणि अदर मेम असे दोन आकडे दिसतात, पहिला चिप रॅमचा, दुसरा फास्ट रॅमचा. आधी दुसरा शून्य होता, आता तिथं लाखांत आकडा दिसला की झालं. शेलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) अव्हेल टाइप केलंत तर चिप, फास्ट, टोटल असं सविस्तर येतं. मग सिसइन्फो हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवून वेग बघा. त्यानंतर एखादा मेमरी टेस्ट प्रोग्रॅम लावून द्या आणि एक-दोन तास मशीन तसंच राहू द्या. रॅम गरम झाल्यावरच चुका दाखवणारी कार्डं असतात, आणि ही चूक आत्ता पकडली नाही तर पुढे डिस्कवर लिहिलेला डेटा खराब होत राहतो आणि संशय मात्र सीएफ कार्डावर जातो.

वेगवान ॲक्सिलरेटर लावल्यावर मशीन अधूनमधून हँग होत असेल तर मदरबोर्डाचा रिव्हिजन नंबर वाचा. १डी४ रिव्हिजनच्या बोर्डांवर ई१२३सी आणि ई१२५सी असे दोन चिमुकले कॅपॅसिटर क्लॉकच्या लाइनवर आहेत, ते काढले की बरीच कार्डं शहाण्यासारखी वागतात. पॉवर सप्लाय आणि कॉन्टॅक्टची कड या दोन गोष्टी नीट तपासल्याशिवाय मात्र तिकडे सोल्डरिंग आयर्न नेऊ नका.

सीएफ कार्ड आणि ती ४४ पिनांची केबल

सीएफ कार्ड आतून आयडीईच बोलतं, म्हणून ॲडाप्टर म्हणजे नुसती तारांची जोडणी, त्यात हुशार चिप वगैरे काही नसते. ५ व्होल्टवर चालतं, करंट जुन्या फिरत्या डिस्कच्या मानाने नगण्य घेतं, आवाज नाही. कार्ड ४ जीबीचं घ्या. मोठं का नको ते पुढे सांगतो.

केबल लावताना मात्र डोळ्यात तेल घालून लावा. या ४४ पिनांपैकी ४१ आणि ४२ नंबरवर ५ व्होल्ट असतात. केबल उलटी बसली की तेच ५ व्होल्ट थेट ४ आणि ३ नंबरच्या पिनांवर जातात, आणि तिथं डेटाच्या लाइन आहेत. कार्ड जाईल, कदाचित बोर्डावरच्या चिपलाही धक्का बसेल. बोर्डावर १ नंबरची पिन छापलेली असते, केबलची लाल कड तिकडेच. ॲडाप्टरवरही १ कुठे आहे ते बघा. कनेक्टर एक ओळ बाजूला सरकून बसला नाहीये ना, दोन्ही टोकांना मोकळी पिन तर राहिली नाही ना, हे टॉर्च मारून बघा. केबलच्या २० नंबरचं भोक बुजवलेलं असेल आणि बोर्डावर ती पिन असेल तर ढकलाढकली करू नका, दुसरी केबल आणा.

ॲडाप्टर खाली उघडा ठेवू नका, बोर्डाला टेकून शॉर्ट होतो. दुहेरी चिकटपट्टीने प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवून टाका.

पार्टिशन: इथं घाई केली की सगळं परत करावं लागतं

किकस्टार्ट म्हणजे रॉममधली अमिगाची सिस्टीम, तिच्या ३.० आणि ३.१ या आवृत्त्या डिस्कवरची जागा ३२ बिटच्या बाइट ऑफसेटने मोजतात, म्हणजे ४ जीबीपर्यंतच. वाईट गोष्ट अशी की त्यापुढे पार्टिशन केलं तर मशीन तक्रार करत नाही. आकडा गुंडाळून परत शून्यावर येतो आणि लिहिलेला डेटा कार्डाच्या सुरुवातीला, म्हणजे तुमच्या सिस्टीम पार्टिशनवर जाऊन पडतो. महिनाभर सगळं छान चालतं आणि एक दिवस अचानक बूटच होत नाही. म्हणून ४ जीबीचं कार्ड. त्यावर छापलेले ४ जीबी दशमान पद्धतीचे असतात, ४,२९,४९,६७,२९६ बाइटच्या मर्यादेपेक्षा थोडे कमीच, त्यामुळे अख्खं कार्ड बिनधास्त वापरता येतं. तुमच्याकडे २०१८ ची ३.१.४ किंवा २०२१ ची ३.२ ची रॉम असेल तर ही मर्यादा नाही, पण अमिगाच्या सगळ्या गेम्सना ४ जीबी पुरून उरतात हेही खरं.

पार्टिशन अमिगावरच करता येतं, पण पीसी असेल तर विनयूएई या पीसीवर अमिगा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करणं खूप सुटसुटीत. किकस्टार्टची रॉम कायदेशीर हवी असेल तर क्लोअँटोच्या अमिगा फॉरएव्हरमध्ये मिळते.

कार्ड रीडरमध्ये टाकलं की विंडोज लगेच विचारेल, डिस्क फॉरमॅट करायची का. नाही म्हणा, आणि पुढेही प्रत्येक वेळी नाहीच म्हणा, त्याला अमिगाची डिस्क ओळखता येत नाही एवढंच. बाकीचे यूएसबी ड्राइव्ह काढून ठेवा. मग विंडोजचं डिस्कपार्ट उघडून लिस्ट डिस्क, साइज बघून आपलं कार्ड ओळखा, सिलेक्ट डिस्क आणि त्याचा नंबर, मग क्लीन. इथं नंबर चुकला तर पीसीची डिस्क साफ होईल, तेव्हा एंटर दाबण्याआधी साइज परत वाचा. आता विनयूएई ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, ए१२०० निवडा, हार्ड ड्राइव्हमध्ये कार्ड जोडा आणि कंट्रोलर म्हणून ए६००/ए१२०० चा आयडीई निवडा. असं केलं की हार्डडिस्क टूलबॉक्स या अमिगाच्या पार्टिशन प्रोग्रॅमला कार्ड खऱ्या मशीनसारखंच स्कझी.डिव्हाइसवर दिसतं, टूलटाइप (आयकॉनमधली सेटिंग) बदलायची गरज पडत नाही. नावात स्कझी असलं तरी १२०० वर आयडीईचा ड्रायव्हर तोच आहे, गोंधळू नका.

इन्स्टॉल डिस्कवरून बूट करा, एचडीटूल्सच्या ड्रॉवरमध्ये हार्डडिस्क टूलबॉक्स आहे. कार्ड अननोन दिसेल. चेंज ड्राइव्ह टाइप, मग डिफाइन न्यू, मग रीड कॉन्फिगरेशन, की कार्डाची माहिती आपोआप भरली जाते. ओके करत बाहेर या आणि पार्टिशन ड्राइव्ह दाबा. पहिलं पार्टिशन डीएच०, ५०० एमबीच्या आसपास, बूटेबल, यात फक्त सिस्टीम. उरलेल्या जागेची दोन पार्टिशनं, गेम्ससाठी आणि कामासाठी. ३.१ ची फास्ट फाइल सिस्टीम वापरत असाल तर एकेक पार्टिशन २ जीबीच्या आतच ठेवा.

आता ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स चालू करा, कारण मॅक्स ट्रान्सफर तिथं आहे आणि निम्म्या लोकांच्या फाइल्स याच्यामुळे खराब होतात. आयडीईमध्ये एका कमांडला किती सेक्टर पाहिजेत ते सांगायला ८ बिटचा रजिस्टर आहे. २५६ सेक्टर मागायचे असतील तर त्यात शून्य लिहायचा असा नियम. काही कार्डं आणि जुन्या डिस्का हा शून्य नीट समजत नाहीत, मग १२८ केबीपेक्षा मोठ्या फाइलचा तुकडा गायब किंवा भलताच. म्हणून मर्यादा एक सेक्टरने कमी ठेवायची, २५५ गुणिले ५१२, म्हणजे १,३०,५६० बाइट. हाच आकडा हेक्समध्ये १एफई०० होतो, टूलबॉक्समध्ये पुढे शून्य-एक्स लावून तो लिहा. प्रत्येक पार्टिशनला लिहा, एकदा लिहिला की सगळ्यांना लागू होतो असं नाहीये. शेजारी मास्क नावाचं खानं दिसेल, ते डीएमए वाल्या कंट्रोलरसाठी असतं, इथं त्याला हात लावायची गरज नाही.

बफरचं खानंही तिथंच. डिफॉल्ट ३० असतात, फारच कमी. एक बफर साधारण अर्धा केबी, म्हणजे २०० केले तरी एका पार्टिशनमागे १०० केबी. नुसत्या २ एमबी चिप रॅमवर तीन पार्टिशनांचे मिळून ३०० केबी देणं जड जातं, फास्ट रॅम असेल तर खिजगणतीत नाही, आणि मोठे ड्रॉवर उघडताना फरक लगेच जाणवतो. रॅम आधी म्हणत होतो ते यासाठी पण.

फाइल सिस्टीम कुठली? माझं मत पीएफएस३. फास्ट फाइल सिस्टीमवर लिहिणं चालू असताना मशीन रीसेट झालं की पुढच्या बूटला पार्टिशन व्हॅलिडेट होत बसतं आणि कधीकधी ते पूर्णच होत नाही, आणि गेम क्रॅश होऊन रीसेट मारणं हे तर अमिगावर नेहमीचंच. पीएफएस३ हा त्रास देत नाही, फाइलचं नावही ३० अक्षरांत कोंबावं लागत नाही. पीएफएस३एआयओ नावाची मोफत फाइल ॲमिनेट या अमिगाच्या ऑनलाइन संग्रहावर आहे. टूलबॉक्समध्ये ॲड/अपडेट फाइल सिस्टीम्समध्ये जाऊन ती फाइल दाखवा, डॉसटाइप ५०४६५३०३ लिहा, मग प्रत्येक पार्टिशनच्या फाइल सिस्टीमच्या खान्यात कस्टम निवडून तोच आकडा. हा आकडाही हेक्सच आहे, पुढे शून्य-एक्स येणारच. सेव्ह चेंजेस टु ड्राइव्ह दाबल्याशिवाय यातलं काहीही कार्डावर लिहिलं जात नाही. मग रीसेट.

परत इन्स्टॉल डिस्कवरून आलात की डीएच० वगैरे आयकॉन दिसतील, फॉरमॅट न झालेले. आयकॉन निवडा, मेनूतून फॉरमॅट डिस्क, नाव द्या, ट्रॅशकॅन नको, आणि क्विक फॉरमॅटच करा. पूर्ण फॉरमॅटचं बटण चुकून दाबलंत तर चहा पिऊन या, जेवण करून या, ते चालूच असेल.

वर्कबेंच टाकणं आणि फाइल्स आणणं

वर्कबेंच ३.१ च्या सहा डिस्का आहेत, इन्स्टॉल, वर्कबेंच, लोकेल, एक्स्ट्राज, फॉन्ट्स, स्टोरेज. इन्स्टॉलर मागेल तसतशा द्यायच्या. खऱ्या मशीनवर हे करायचं असेल तर फ्लॉपीच्या जागी गोटेक (पेनड्राइव्हवरची फाइल फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह) बसवून त्यावर फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकलेलं सोयीचं, एडीएफ फाइल्स (फ्लॉपीच्या नकला) पेनड्राइव्हवर ठेवल्या की बटणाने डिस्क बदलते. गोटेकचा जंपर एस० वर. मूळ ड्राइव्ह फेकू नका हं, जुन्या डिस्का वाचायला तोच लागतो.

नंतर गेम्स आणि प्रोग्रॅम्स आणायला पीसीएमसीआयएवरचं सीएफ ॲडाप्टर मस्त, त्यासाठी ॲमिनेटवरचे सीएफडी (कार्डाचा ड्रायव्हर) आणि फॅट९५ (पीसीची फाइल सिस्टीम वाचणारा) टाका की फॅट फॉरमॅटचं कार्ड सरळ वाचता येतं. हे कार्ड आतल्या बूट कार्डापेक्षा वेगळं, लक्षात असू द्या. अमिगाचे एलएचए आर्काइव्ह (झिपसारख्या फाइल्स) पीसीवर सोडवू नका, तसेच्या तसे आणा आणि अमिगावर उघडा. पीसीवर उघडले की अमिगाचे प्रोटेक्शन बिट (फाइलच्या परवानग्या) उडतात, स्क्रिप्ट चालायच्या बंद होतात, आणि काही नावं तर विंडोज बनवूच देत नाही. वर्कबेंचच्या स्टोरेज डिस्कवर ऑक्स नावाची एक फाइल आहे, विंडोजमध्ये ते नाव राखीव असल्यामुळे कॉपी तिथंच अडकते.

डब्ल्यूएचडीलोड आता फुकट आहे, कीफाइल लागत नाही. बऱ्याच गेम्सना किकस्टार्ट १.३ ची रॉम फाइल डेव्ह्सच्या आत किकस्टार्ट्स ड्रॉवरमध्ये ठेवावी लागते. टूलटाइपमध्ये प्रीलोड असलं की अख्खा गेम आधीच रॅममध्ये चढतो आणि मधे डिस्कसाठी थांबत नाही. नुसत्या २ एमबीवर यातले कितीतरी गेम रॅम अपुरी म्हणून सुरूच होत नाहीत, ४ एमबी फास्ट रॅम असेल तर बहुतेक चालतात.

सगळं मनासारखं झालं की गेम्स भरायच्या आधी कार्ड बाहेर काढून पीसीवर त्याची पूर्ण इमेज घ्या, सेक्टर टु सेक्टर. ४ जीबीची फाइल होते, झिप केली तर अगदी छोटी. उद्या कार्ड मेलं तर नवीन कार्डावर तीच लिहायची. फक्त नवीन कार्ड सेक्टरच्या मोजणीत जुन्यापेक्षा लहान नको, सगळ्या कंपन्यांचे ४ जीबी सारखे नसतात. म्हणून शेवटच्या पार्टिशनमागे ५०-१०० एमबी रिकामे सोडून द्यायची सवय चांगली.

काही चाललं नाही तर

चालू केल्यावर स्क्रीनचा रंग बघा. लाल असेल तर रॉममध्ये गडबड, किकस्टार्ट बदलला असेल तर तो नीट बसलेला नाही. १२०० मध्ये ४२ पिनांच्या सॉकेटमध्ये ४० पिनांची चिप बसते, खाचेकडच्या टोकाची दोन भोकं रिकामी सोडायची असतात, तिथंच लोक फसतात. हिरवा म्हणजे चिप रॅम. पिवळा म्हणजे सीपीयू सुरुवातीलाच अडखळला, नवीन ट्रॅपडोअर कार्ड काढून बघा. नुसता काळा स्क्रीन असेल तरी तेच, कार्ड काढा आणि मूळ मशीन चालतंय का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, रॅम आणि सीएफ दोन्ही एकदम लावून मग शोधत बसू नका.

बूट होतंय पण कार्ड दिसत नाही, फ्लॉपी मागणारा स्क्रीन येतो, तर माउसची दोन्ही बटणं दाबून धरून रीसेट करा, अर्ली स्टार्टअप मेनू येईल, बूट ऑप्शन्समध्ये डीएच० आहे का बघा. असेल तर पार्टिशन दिसतंय पण त्यावरची सिस्टीम बिघडली आहे, किंवा बूटेबलचं बटण राहिलंय. नसेल तर केबल, ॲडाप्टर, कार्ड या क्रमाने. काही कार्डं पॉवर दिल्या दिल्या जागी होत नाहीत आणि किकस्टार्ट तेवढा वेळ थांबत नाही, तेव्हा कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कीज दाबून रीसेट मारला की दुसऱ्या वेळी दिसतात. रोज असं होत असेल तर दुसऱ्या बनावटीचं कार्ड लावून बघा, त्यावर फार डोकं खपवण्यात अर्थ नाही.

आणि फाइल्स खराब होत असतील, चित्रं अर्धवट उघडतात, आर्काइव्ह सीआरसी एरर देतात, तर आधी मॅक्स ट्रान्सफर प्रत्येक पार्टिशनला तपासा. तो बरोबर असूनही त्रास चालू असेल तर परत रॅम टेस्ट लावा. एक मोठी फाइल रॅम डिस्कमध्ये कॉपी करा, तिथून परत डीएच१ वर, आणि दोन्ही तुलना करून बघा, पाच-सहा वेळा. दरवेळी वेगळ्याच जागी फरक येत असेल तर गडबड रॅमची किंवा पॉवरची, मोठ्या फाइलमध्ये दरवेळी ठरावीक अंतरावरच येत असेल तर आयडीईची.